आर्च लिनक्स आणि पॅकेजांचा संसार

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या कार्यप्रणालीवर लेख लिहावा, हे काही वाचकांस आगाऊपणाचे वाटेल. माझी बाजू एवढीच की, गेली तीन वर्षे माझे सारे लेखन, म्हणजे निबंध, टिपणे आणि आजीकडून उतरवून घेतलेले आगरी लग्नातले धवले, आर्च लिनक्स नावाच्या प्रणालीवर झाले आहे. शिवाय 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपल्यापासून, जुना संगणक आता कशावर चालवावा, असे वर्गातले बरेच जण मला विचारू लागले आहेत. त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा प्रपंच.

लिनक्सच्या प्रणाली अनेक आहेत. त्यांची ढोबळ विभागणी दोन प्रकारांत होते. पहिल्या प्रकारात ठरावीक काळाने नवी आवृत्ती निघते. डेबियनची बारावी आवृत्ती जून 2023 मध्ये आली, तेरावी ऑगस्ट 2025 मध्ये. मधल्या काळात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात, पण प्रोग्रॅम सहसा बदलत नाहीत. दुसऱ्या प्रकारात आवृत्ती अशी नसतेच. नवा प्रोग्रॅम तयार झाला, तपासला की तो थेट भांडारात येतो आणि तिथून आपल्या संगणकात. ज्याड व्हिनेट यांनी 2002 साली सुरू केलेली आर्च ही या दुसऱ्या जातीची. एकदा बसवली की पुन्हा बसवावी लागत नाही. मात्र तिच्याकडे दर आठवड्याला पाहावे लागते.

या प्रणालीतली प्रत्येक वस्तू पॅकेजच्या रूपाने येते. लेखनाचा प्रोग्रॅम हे एक पॅकेज, देवनागरी फॉन्ट हे दुसरे, कळफलकावरून मराठी उमटवणारे तिसरे. शिवाय अनेक प्रोग्रॅम ज्यांच्यावर विसंबून असतात अशा सामायिक लायब्रऱ्या असतात, त्यांचीही पॅकेजे. हा सगळा संसार सांभाळणाऱ्या कारभाऱ्याचे नाव पॅकमन. त्याला आज्ञा देताना तीन रोमन अक्षरे लिहितात: मोठे एस, आणि लहान वाय व यू. एस म्हणजे भांडाराशी व्यवहार, वाय म्हणजे भांडाराची ताजी यादी आणणे, यू म्हणजे संगणकातले जे जे जुने झाले ते ते नवे करणे. माझी सारी फजिती शेवटचे अक्षर गाळल्याने झाली.

दोन वर्षांपूर्वी धवल्यांचा प्रकल्प सादर करायच्या आदल्या दिवशी मला शब्दकोश पाहण्याचा एक छोटा प्रोग्रॅम हवा होता. घरी इंटरनेट मोबाईलवरचे, रोजचे मोजके. संपूर्ण संगणक नवा करायला दीड जीबी लागणार होते, म्हणून मी यादी ताजी केली आणि तेवढा एकच प्रोग्रॅम मागवला. काटकसर केली असे मला वाटले. प्रोग्रॅमबरोबर त्याला लागणारी आयसीयू ही लायब्ररीही नवी आली. जगातल्या लिप्यांची अक्षरे, शब्द, वर्णक्रम यांचा हिशेब ठेवणारी ही लायब्ररी. लिब्रे ऑफिसही तिच्यावरच चालते. त्याला जुन्या क्रमांकाची लायब्ररी हवी होती, आणि ती आता संगणकात उरलीच नव्हती. लिब्रे ऑफिस उघडेना.

पनवेलकरांना हे समजावयास कोकण रेल्वेचे उदाहरण पुरे. पावसाळी वेळापत्रक ठरलेल्या दिवशी सगळ्या गाड्यांना एकदम लागू होते. बराचसा मार्ग एकेरी, गाड्यांची क्रॉसिंगे स्टेशनात ठरलेली. एकच गाडी नव्या वेळापत्रकाने सोडली आणि बाकीच्या जुन्याने चालल्या, तर ती कुठल्या तरी स्टेशनात कुणाची तरी वाट पाहत उभी राहील. मी नेमकी एक गाडी नव्या वेळापत्रकाने सोडली होती.

फाईल शाबूत होती. ती घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले, पण तिथे माझा फॉन्ट नव्हता. ओव्या तुटून भलत्याच ठिकाणी गेल्या, पानांचे आकडे बदलले. शेवटी वडाळे तलावाजवळ राहणाऱ्या मैत्रिणीच्या घरी संगणक नेला, तिच्या इंटरनेटवर तिन्ही अक्षरांची आज्ञा दिली आणि चाळीस मिनिटांनी लिब्रे ऑफिस उघडले. तिच्या आईंनी मला जेवायला वाढले, ते मला गिळवेना.

ताजेपणाचे धोके याहून मोठेही असतात. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा ठेवला आहे. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्यांना संशय आला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते साधन पोचलेच नव्हते. आर्चच्या भांडारात मात्र आले होते. आर्चच्या रचनेमुळे तो विशिष्ट हल्ला तिथे लागू पडत नव्हता, आणि दुरुस्त पॅकेजही लगेच आले. तरीही ‘सर्वांत नवे तेच उत्तम’ हे माझे मत त्या आठवड्यात बदलले. वापरकर्त्यांनी स्वतः चढवलेल्या पॅकेजांच्या वेगळ्या भांडाराविषयी तर अधिकच सावध असावे. जुलै 2025 मध्ये तिथे ब्राउझरच्या नावाखाली घातक प्रोग्रॅम सापडले होते.

मग मी ही प्रणाली सोडत का नाही? मुख्यतः मराठीसाठी. फॉन्टमधले किंवा अक्षरजुळणीतले दोष सुधारले की ती सुधारणा मला लवकर मिळते. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र आणि मराठी वळणाचे ल व श नीट उमटणे ही आपल्यासाठी छोटी गोष्ट नव्हे. रेड हॅटने 2004 साली खुला केलेला लोहित फॉन्टही मला पॅकमनकडून एका ओळीत मिळाला.

आता मी रविवारी सकाळी आर्चच्या बातम्या वाचते, मगच आज्ञा देते. जून 2025 मध्ये फर्मवेअरचे पॅकेज विभागले गेले तेव्हा जुने आधी काढावे लागणार होते. वाचले होते म्हणून अडले नाही. पॅकमन जुनी पॅकेजे संगणकात साठवून ठेवतो, ती मी घाईने पुसत नाही, कारण प्रसंगी तिथूनच माघारी फिरता येते. आणि परीक्षा किंवा सादरीकरण आठवड्यावर आले की काहीच नवे करत नाही, काही बसवतही नाही.

धाकट्या भावाच्या संगणकावर मात्र मी डेबियन घातले आहे. तो यंदा दहावीला आहे.