निरोप पुढे धाडण्यापूर्वी

इंटरनेटच्या वापरातील नीतीचा पाठ देताना आम्ही विद्यार्थ्यांपुढे धुळे जिल्ह्याचे उदाहरण ठेवतो. इंदूरहून मुंबईस जाणाऱ्या आग्रा रस्त्यावरचाच हा जिल्हा. त्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी ते सोलापूर जिल्ह्यातून आले होते. मुले पळविणारी टोळी फिरते, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पसरली होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. परंतु एकाने पाचांस, त्या प्रत्येकाने आणखी पाचांस, असे चालले तर तिसऱ्याच फेरीत तो सव्वाशे जणांस मिळतो. तेव्हा खरी मर्यादा आपणच घालावयास हवी.

कोणी पाहिले, केव्हा व कोठे, या तीन प्रश्नांस उत्तर नसेल, तर निरोप आपल्यापाशीच थांबवावा. मुलाविषयी खरोखर शंका आल्यास १०९८ अथवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

लालबागेतील आपल्या घरांतही वडीलधाऱ्यांनी धाडलेले मुले खरेच मानतात. अफवा रचणारा अज्ञात राहतो. पण तिला आपल्या नावाची पत मिळते, ती आपण दिलेली असते.