मोबाईल येतो म्हणून कॉम्प्युटर?

सीईटीचे पर्सेंटाइल हाती पडले की दरवर्षी तोच प्रश्न येतो, फक्त मुलाचं नाव बदलतं. “याला मोबाईलमधलं सगळं कळतं हो! आमचं यूपीआय यानेच चालू करून दिलं. मग कॉम्प्युटरलाच टाकू ना? की एआय-डीएस?” उत्तर स्पष्टच द्यायला हवं: मोबाईल सफाईने चालवता येणं हा कसलाही कल नाही. निरक्षर माणसालाही वापरता यावा, आत काय चाललंय याचा विचार कोणालाच करावा लागू नये, अशा बेताने तो घडवलेला असतो. तो चटकन जमला तर श्रेय घडवणाऱ्याचं. मिक्सर फिरवता येतो म्हणून कोणी मोटार वाइंडिंग शिकायला जात नाही. मोबाईलच्या बाबतीत मात्र हीच गफलत चार वर्षांच्या फीचा निर्णय ठरवते.

पुरावा हवा असेल तर ‘प्रथम’ संस्थेचा २०२३चा ‘असर’ अहवाल पाहा. देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची ती पाहणी होती. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरता येत होता. त्याच मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांशांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्यांनाही जमलं नाही. म्हणजे बोटं पुढे गेली आणि वाचन-गणित मागे राहिलं. कॉम्प्युटर शाखेत कस लागतो तो या मागे राहिलेल्या गोष्टींचा. एकच गणित तीन रीतींनी सोडवून बघणारा, चुकलेली पायरी सापडेपर्यंत जागचा न हलणारा मुलगा असेल, तर त्याला खुशाल त्या शाखेला पाठवा, त्याचं भलंच होईल. तसा नसेल तर मॅनेजमेंट कोट्यातून जागा विकत घेऊन तो कल येणार नाही.

नेहमीचे रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत: डिप्लोमा, बीसीए, इलेक्ट्रॉनिक्स. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा ट्रेड पालकांना ‘खालचा’ वाटतो, हा त्यांचा गैरसमज आहे. हातात सोल्डरिंग गन धरायला आवडणाऱ्या मुलासाठी तो उत्तम. पण ज्या वाटेचं नावही कोणी काढत नाही, ती याच मोबाईलच्या पोटात आहे. ती म्हणजे भाषेचं तंत्रज्ञान. ‘जग’ हा शब्द घ्या. ‘जग फिरून आला’ यातला ‘ज’ वेगळा आणि ‘तू सुखाने जग’ यातला वेगळा. लिहायला मात्र दोन्ही सारखेच. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ॲपने कुठला उच्चार करायचा? ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. कीबोर्डवर हा फरक नीट उमटवायचा तर ‘र’ची वेगळी जोडणी लागते. पाकळीचा ‘ल’ मराठीचा, दंडाचा ‘ल’ हिंदीचा, आणि युनिकोडमध्ये दोघांचा संकेतांक एकच. त्यातला मराठी वाचकाला कोणता दिसणार, हे फॉन्ट घडवणारा ठरवतो. हे प्रश्न सोडवायला मराठीचा कान आणि संगणकाची समज, दोन्ही एकाच डोक्यात लागतात. अशी डोकी तयार करण्याच्या जागाही फार लांब नाहीत. पुण्यात १९८८पासून सी-डॅक आहे, डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवतात. आयआयआयटी हैदराबादला संगणकशास्त्र आणि संगणकीय भाषाविज्ञान यांचा जोड अभ्यासक्रम आहे. अक्षरांच्या वळणात रमणाऱ्याला आयआयटी मुंबईच्या डिझाइन शाखेची यूसीड ही प्रवेशपरीक्षा कला शाखेतूनही देता येते. शिक्षणातलं उदाहरण तर घरचंच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा बातम्यांत त्यांनी पाठ्यपुस्तकात घातलेला क्यूआर कोड गाजला. त्याआधी त्यांनी पाठ्यपुस्तक मुलांच्या घरच्या कन्नडमध्ये नेलं होतं. कोड छापायला काय लागतं? तो स्कॅन केल्यावर मुलाला कळेल अशा भाषेत काही असावं लागतं, आणि अवघड काम तेच आहे.

“पण मराठी घेऊन पोट भरतं का?” नुसती मराठी घेऊन, या क्षेत्रात तरी, नाही. सोबत संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग किंवा डिझाइन यांपैकी एक पक्कं हवंच, आणि इंग्रजीही. शिवाय कॉम्प्युटर शाखेच्या तुलनेत इथे जागा थोड्या आहेत, कॅम्पसवर कंपन्यांची रांग लागत नाही, आणि पॅकेजचा आकडा सांगून कोणी भुलवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भाषांतर तर आता यंत्रच करतं. करतं, पण वर लिहिलेल्या ‘जग’सारख्या जागी अडखळतं, आणि ते अडखळलंय हे भाषा न जाणणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते. त्यांच्या सरकारी सेवा, बँका, पाठ्यपुस्तकं मोबाईलवर येत असताना तपासणारी माणसं लागणारच. आणि यंत्राची भीती घालायचीच असेल तर ती सरधोपट कोड लिहिणाऱ्यालाही तितकीच आहे. तिथे कोणी पालक हा प्रश्न विचारत नाही.

न विचारण्याचं कारण भविष्याची काळजी नसून शेजाऱ्यांना सांगायला बरं वाटणारं शाखेचं नाव आहे. मुलाला भाषेत रस आहे हे घरात ठाऊक असतं. त्याला ‘छंद म्हणून ठेव’ असं सांगितलं जातं, आणि दिवसभर रील्स बघण्याला ‘टेक्नॉलॉजीची आवड’ म्हटलं जातं. हा उलटा न्याय आहे. त्याची किंमत पालक भरत नाहीत. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्समध्ये अडकून केटी घेऊन बसलेला मुलगा भरतो.

इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीचा ऑप्शन फॉर्म भरताना एक नियम लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. तेव्हा त्या पहिल्या ओळीत काय भरायचं ते मुलाला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत माउस हातात घेऊ नका.