आम्लधर्मी जमीन व चुना

हेतू : जमिनीची आम्लता कशी ओळखावी व चुना केव्हा घालावा, हे विद्यार्थ्यांस समजावे.

विवेचन : कोकणात पाऊस फार. त्याच्या पाण्याबरोबर जांभ्याच्या मातीतील चुना व मॅग्नेशियम झिरपून जातात आणि माती आम्लधर्मी होते. आम्लता ‘सामू’ या अंकाने मोजतात. ७ हा अंक उदासीन. त्याखाली सामू १ ने उतरला की आम्लता १० पट वाढते. सामू ५.५ च्या खाली गेला म्हणजे मातीतील अॅल्युमिनियम विरघळून मुळे खुरटतात. स्फुरदही मातीत अडकून पडते. खाचरात पाणी साचल्यावर आम्लता उतरते, म्हणून भात तग धरतो. भुईमूग व कडधान्ये यांची मात्र हानी होते.

प्रयोग : पावसाच्या पाण्यात माती कालवून निवळू द्यावी. विहिरीच्या पाण्यात चुना विरघळलेला असू शकतो, म्हणून ते घेऊ नये. निवळीत निळा लिटमस कागद बुडवावा. तुलनेसाठी दुसरा नुसत्या पाण्यात बुडवावा. निवळीतील कागद अधिक तांबूस झाल्यास माती आम्लधर्मी समजावी.

सूचना : चुन्याचे प्रमाण लिटमसवरून कळत नाही; त्यासाठी मातीचे परीक्षण करवून घ्यावे. चुन्याची बारीक पूड पेरणीपूर्वी काही आठवडे मातीत मिसळावी. अमोनियमयुक्त खताबरोबर ती घालू नये. नत्र वायुरूपाने उडून जाते. देशावरील काळ्या जमिनीत बहुधा चुनखडी मुळातच असते. तेथे चुना अपायकारक ठरतो. हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. मुलांनी घरी नेलेली अर्धी माहिती शेतास भोवते.

प्रश्न : एकाच गावात भात चांगला येतो, पण भुईमूग खुरटतो, असे का व्हावे?