यंत्राचे चित्र आणि कर्त्याचे नाव

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा उल्लेख लेखक म्हणून येतो. तेथे लेखक म्हणजे सांगितलेले उतरवून घेणारा. कर्तेपण ज्ञानेश्वरांकडेच राहिले. परंतु उतरवून घेणाऱ्याचे नावही झाकले गेले नाही. पुढे १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी याच ग्रंथाची पाठशुद्धी केली आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. कोणी काय केले हे वेगवेगळे सांगण्याची ही रीत मराठीला जुनीच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने चित्रे व गीते तयार होऊ लागल्यामुळे तिची गरज पुन्हा भासू लागली आहे.

समजा, लातूर शहरालगतच्या एखाद्या ग्रामपंचायतीला पाणीबचतीचे भित्तिचित्र काढावयाचे आहे. शिक्षकाने यंत्राला दोन वाक्ये सांगितली आणि काही क्षणांत पाण्याच्या आगगाडीचे गुळगुळीत चित्र मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली पहिली गाडी लातूरकरांना आठवते. यंत्राला आठवण नाही. म्हणून शिक्षकाने गाडी दूर नेली आणि घागरींची रांग पुढे घेतली. गावच्या पेंटरने भिंतीवर रंगविताना त्या रांगेतील चेहरे ओळखीचे केले. आता या चित्राचा कर्ता कोण?

कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा उल्लेख आला. अशी कृती जी व्यक्ती घडवून आणते ती तिची कर्ती, असे त्यात म्हटले आहे. (नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षीचे. चित्र काढणारे यंत्र तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नसावे.) मात्र घडवून आणणारा म्हणजे आज्ञा देणारा की यंत्र बनविणारा, याचा खुलासा तेथे नाही. २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ या चित्राच्या नोंदणीत ‘राघव’ नावाची संगणकप्रणाली सहकर्ती म्हणून नोंदली गेली. पुढच्याच वर्षी ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस निघाली. अमेरिकेत २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या संहितेला व मांडणीला संरक्षण मिळाले, यंत्राने काढलेल्या सुट्या चित्रांना नाही.

तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात संकल्पना व मांडणी शिक्षकाच्या, रंगकाम पेंटरच्या नावे लिहावे आणि यंत्राचे साह्य घेतल्याची नोंद करावी, हेच रास्त ठरेल. यंत्राला कर्ता म्हणता येत नाही, कारण चित्रात चूक निघाली तर ग्रामसभेत उत्तर द्यावयास ते उभे राहणार नाही. व्यवहारात वगळला जातो तो बहुधा पेंटर. त्याला मजुरी दिली की विषय संपला, असे मानले जाते. वस्तुतः हक्क दुसऱ्यास दिल्यानंतरही कर्त्याचा नावाचा अधिकार कलम ५७ अन्वये त्याच्याकडेच राहतो.

नांदेड जिल्ह्यातील एखाद्या शाळेत मुलांनी लिहिलेल्या ओळी यंत्रात घालून समूहगीत करून घेतले, तर तेथेही हाच प्रश्न येतो. ओळी कोणाच्या होत्या, हे वहीवरून पाहता येते. स्नेहसंमेलनाची पत्रिका छापावयास देण्यापूर्वी ती वही उघडावी.