रत्नदुर्ग पुन्हा उभा राहतो

रत्नागिरीचा रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारख्या आकाराचा असून त्याच्या तीन बाजूंस समुद्र आहे. गावातील पाच मुलांनी हाच दुर्ग ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या संगणकीय खेळात बांधावयास घेतला होता. २०११ साली स्वीडनमध्ये पूर्णत्वास गेलेल्या या खेळात एकेक ठोकळा रचून तट, घरे, बंदरे उभी करता येतात. मुलांचे हे जग त्यांच्यातील धाकट्याच्या ताईच्या संगणकावर वसलेले होते. तोच त्यांचा सर्व्हर. दर रविवारी रात्री ताई सर्व्हर थांबवून त्या जगाची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवीत असे. सर्व्हर चालू असताना घाईने काढलेली प्रत अर्धवट निघण्याचा संभव असतो.

मे महिन्यातील एका गुरुवारी वळवाचा पाऊस कोसळला, वीज गेली आणि संगणक मध्येच बंद पडला. वीज आल्यावर पाहतात तो दीपगृहाकडील भाग उघडेचना!

“ताई, रविवारची प्रत घाल ना!” धाकटा म्हणाला.

“घालीन. पण मग सारे जगच रविवारचे होईल. यांनी सोमवारपासून बांधलेली मांडवीची जेटी जाईल.”

धाकट्याचे तोंड उतरले. चार दिवस खपून दीपगृह त्यानेच चढविले होते आणि ते तर कोणत्याही उपायाने परत येणार नव्हते.

ताईने थोडा विचार केला. या खेळात ५१२ ठोकळे लांब व तितक्याच रुंद अशा प्रत्येक प्रदेशाची स्वतंत्र फाइल असते. तिने सर्व्हर बंद केला. बिघडलेले जग पुसून न टाकता त्याची एक नक्कल बाजूस ठेवली. न जाणो, रविवारची प्रतच सदोष निघाली तर? मग केवळ बिघडलेल्या प्रदेशाची फाइल त्या प्रतीतून आणून बसविली.

सर्व्हर सुरू झाला. जेटी जागच्या जागी होती. दीपगृहाचा मात्र पायाच तेवढा उरला होता आणि प्रदेशाच्या सीमेवर तट सुरीने कापल्यासारखा तुटला होता. आणखी एक नवल घडले. तेथील पेटी रविवारसारखी पुन्हा भरली होती. पण मधल्या दिवसांत तिच्यातून काढलेले दगड मुलांच्या झोळ्यांतही होतेच, कारण खेळाडूंच्या सामानाची नोंद निराळी राहते. एका दगडाचे दोन झाले होते!

“हे फुकटचे दगड आपण ठेवायचे?” थोरल्या मुलाने विचारले. बराच वाद झाला. अखेर ते सारे धाकट्याच्या स्वाधीन करण्यात आले. तो पायावर पहिला थर रचू लागला. ताईने मात्र रविवारची वाट न पाहता त्याच रात्री नवी प्रत काढली.