संजीवनीची चौकट

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचून चार दिवस झाले. उत्तरास विलंब लावला तो हेतुपुरस्सर, कारण जिल्हा स्पर्धेतील त्या पराभवाची जी तपशीलवार हकीकत तू कळवली आहेस ती वाचून मनात जे प्रथम आले ते तसेच कागदावर उतरवले असते तर ते नुसते सांत्वन झाले असते, आणि सांत्वन तू मागितलेले नाहीस. मध्यंतराला आठ गुणांची आघाडी असलेला तुझा संघ उत्तरार्धात एका चुकीने डळमळतो, तीन मुली एकामागून एक बाद होतात, लोण बसतो, आणि सरावात ज्या पकडी सहज साधत होत्या त्या करण्यास कोणी पुढेच येत नाही, हे पाहून तू विचारतेस की शहरातून एखाद्या मानसशास्त्रज्ञांना बोलावून मुलींपुढे व्याख्यान ठेवावे काय. अवश्य ठेव, त्याने अपाय होणार नाही. परंतु तीस वर्षे मैदानाच्या कडेला काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की खेळाडूचे मन रोज सायंकाळी, चूक झाल्यानंतरच्या दोन-तीन क्षणांत घडत असते, आणि त्या क्षणी तिथे तू असतेस, व्याख्याते नसतात.

खेळाच्या मानसशास्त्राचा आरंभ ज्यांच्यापासून मानतात त्यांच्या आयुष्यातही याचा एक दाखला सापडतो. कोलमन ग्रिफिथ यांनी 1925 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मनोव्यापारांचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळा काढली, पुढच्याच वर्षी प्रशिक्षकाच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि 1938 साली शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकांनी त्यांना संघाबरोबर नेमले. माणूस विद्वान, निरीक्षणे बारकाईची, अहवाल भरघोस. पण ज्याच्या हाती संघाची रोजची व्यवस्था होती त्या व्यवस्थापकालाच ही नेमणूक मनापासून मान्य नव्हती, त्यामुळे ते ज्ञान बहुतांशी दफ्तरातच राहिले. म्हणून म्हणतो, जे काही करायचे ते तुझ्या हातून व्हावे.

आपल्या कबड्डीत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे इतर खेळांवर लिहिलेल्या पुस्तकांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. पूर्वी या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार होते हे तुला ठाऊक आहे. गामिनीत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही, अमरमध्ये गुण गेला तरी गडी मैदानातच राही, आणि संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला एक गडी जिवंत होई. आजची कबड्डी या तिसऱ्या प्रकारावर उभी आहे. म्हणजे आपल्या खेळात चूक करणारी मुलगी खेळातून तात्पुरती काढली जाते, मैदानामागे आखलेल्या चौकटीत जाऊन बसते, आणि ती परत येणार की नाही, केव्हा येणार, हे तिच्या हातात मुळीच नसते. तिच्या मैत्रिणींनी गुण मिळवला तर, आणि तिच्या आधी बाद झालेल्यांची पाळी संपली तर, ती उठायची. स्वतःची चूक ताजी असताना, हात मोकळे असताना, समोर आपल्यावाचून चाललेला खेळ पाहत बसण्याची ही जी काही मिनिटे आहेत, त्यांत मन स्वतःला इतके काही बोलून घेते की परत मैदानात येणारी मुलगी पुष्कळदा बाहेर गेलेली मुलगी नसतेच. तुझा सामना माझ्या समजुतीप्रमाणे त्या चौकटीत हरला.

तेव्हा त्या चौकटीची तजवीज कर. बाद होऊन आलेल्या मुलीला पहिले काही श्वास कोणीही काही बोलू नये, तूही नको आणि मैत्रिणींनीही नको. पाण्याचा घोट, दीर्घ उच्छ्वास, एवढेच. त्यानंतर तिच्याकडे एक निश्चित काम असावे: समोरच्या चढाईपटूचा कोणता पाय आधी पुढे येतो, ती वळते कोणत्या बाजूने, निदान रेषा ओलांडल्यावर तिची नजर कोणत्या कोपऱ्याकडे असते, यांपैकी एकच गोष्ट पाहायची, आणि जी मुलगी तिच्या आधी उठून मैदानात जाणार तिच्या कानात ती सांगायची. ज्या मनाला पाहण्यासारखे काही दिलेले नाही ते आत वळून स्वतःचाच पंचनामा करीत बसते. ज्याला बाहेर पाहण्याचे काम आहे त्याला तेवढी सवड राहत नाही. आणि हे सामन्याच्या दिवशी सांगून होणार नाही. सरावातही बाद झालेल्या मुली गप्पा मारत उभ्या राहिल्या असतील तर त्यांना चौकटीत बसव आणि तेच काम दे, म्हणजे तो शिरस्ता होईल.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेली नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या संघाला मी शिकवीत असताना उजव्या कोपऱ्यावर एक मुलगा खेळत असे. घोट्याची पकड त्याच्याइतक्या चपळाईने करणारा त्या वयाचा दुसरा मुलगा मी पाहिला नाही. एका सामन्यात त्याने घाई केली, चढाईपटू त्याच्यासह दुसऱ्याही एका गड्याला मारून निसटला, आणि मी मध्यंतराच्या पाच मिनिटांत सर्वांदेखत त्याला जाब विचारला. त्यानंतरच्या तीन सामन्यांत त्याच्या नावावर एकही चूक नव्हती, आणि माझ्या बोलण्याचा उपयोग झाला असे मी समाधानाने वहीत लिहून ठेवले. पुष्कळ दिवसांनी तीच वही चाळताना माझ्या ध्यानात आले की त्या तीन सामन्यांत त्याने पकडीचा प्रयत्नच केलेला नव्हता. बोलणी खाणे टाळायचे तर सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे स्तब्ध उभे राहणे, हे त्या मुलाला माझ्याकडूनच समजले होते. पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते.

अमेरिकेत सिएटलकडे रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन अभ्यासकांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांना एका बैठकीत एवढेच शिकवले, की चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकीनंतर आधी धीर द्या आणि मग काय करावे ते सांगा, शिक्षा आणि उपरोध वर्ज्य करा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की अशा प्रशिक्षकांची सुमारे 5 टक्के मुले पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली, तर इतर प्रशिक्षकांची 26 टक्के. जिंकण्या-हरण्यात दोघांत लक्षणीय अंतर नव्हते, हेही मी तुझ्यापासून लपवून ठेवत नाही. पण ज्या तालुक्यात मुलीला संध्याकाळी मैदानावर पाठवण्यासाठी घरी मिनतवाऱ्या कराव्या लागतात तिथे मुलगी पुढच्या वर्षी परत येणे हाच माझ्या हिशेबी पहिला निकाल आहे.

तुझी दुसरी तक्रार, की साखळीत चौघी हात धरून उभ्या असतात पण पकडीला एकटीच जाते, तिचे मूळ मला वेगळे वाटते. रिंगलमान नावाच्या फ्रेंच कृषी-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले होते. एकट्याने ओढताना जे बळ लागे, ते आठ जण मिळून ओढू लागले की माणशी जवळजवळ निम्म्यावर येई. 1974 साली अमेरिकेत हा प्रयोग निराळ्या युक्तीने झाला: माणसाचे डोळे बांधून, मागे इतरही ओढत आहेत असा त्याचा समज करून दिला, प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता, तरीही त्याचे बळ घटले. म्हणजे सारा दोष दोरीवरच्या हातांच्या विसंगतीचा नव्हता; दुसरा आहे एवढ्या जाणिवेनेच मन थोडे मागे सरते, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. यावर उपाय म्हणून ‘एकजुटीने खेळा’ असे ओरडण्यात अर्थ नाही. तुझ्या नोंदवहीत आज फक्त पकड कोणी केली याचा रकाना असेल. त्याच्या शेजारी दुसरा रकाना आख, आधाराला दुसरी कोण धावली आणि तिसरी कोण, आणि सरावानंतर तो मोठ्याने वाचून दाखव. आजवर जिचे धावणे कोणाला दिसतच नव्हते तिचे नाव वाचले जाऊ दे, आणि काय फरक पडतो ते मला कळव.

प्रेक्षकांविषयी तू जे लिहिले आहेस त्यात थोडी गफलत आहे. गर्दीने सर्वांचाच खेळ बिघडतो असे नाही. 1982 सालच्या एका अमेरिकन निरीक्षणात पूल खेळणाऱ्यांच्या टेबलाजवळ चार जण नुसते पाहत उभे राहिले, तेव्हा निष्णात खेळाडूंचे यशस्वी फटके शंभरात 71 होते ते 80 झाले, आणि कच्च्या खेळाडूंचे 36 होते ते 25 वर आले. जे अंगवळणी पडले आहे ते पाहणाऱ्यांमुळे उजळते, जे अर्धवट आहे ते उघडे पडते. तेव्हा नवीन शिकवलेली पकड गर्दीच्या सामन्यात लगेच मागू नकोस. आणि सरावातच अधूनमधून गावातली माणसे कडेला उभी राहतील अशी व्यवस्था कर.

चढाईच्या मुलीला, विशेषतः दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी निर्णायक ठरणार असेल तेव्हा, पाय कसा टाक, वजन कुठे ठेव, हे सांगण्याचा मोह आवर. जी हालचाल हजारदा घोटलेली आहे तिच्यावर जाणीवपूर्वक लक्ष रोखले की ती तुटते. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार केला तर माणूस अडखळतो, तसेच. तिला बाहेरचे एक लक्ष्य दे, ‘मध्यरक्षकाचा हात’ एवढे दोन शब्द पुष्कळ झाले. आपल्या नियमकर्त्यांचीही समज पाहा: चढाईला गेलेल्या गड्याला स्वपक्षाकडून सूचना मिळाली तर प्रतिपक्षाला गुण जातो. मध्यरेषेपलीकडे ती एकटी, तिचा दम आणि तीस सेकंद. सांगायचे ते सारे आधी सांगून झालेले असले पाहिजे, आणि खरे म्हणजे आठवडाभर आधी.

मुलींमध्ये दोन तट पडले आहेत याची तू फार धास्ती घेतली आहेस. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये आठ वल्ह्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या जर्मन नौकेतील एक वल्हेकरी, हान्स लेंक, पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि त्यांनी लिहून ठेवले आहे की अंतर्गत कलह असूनही अशा नौका उत्कृष्ट कामगिरी करू शकतात. सर्वांनी एकमेकींच्या घरी जेवायला जावे हा आग्रह सोड. साखळीत कोणी कोणाचा हात धरायचा आणि कोणत्या खुणेवर झेपावायचे, यावर मात्र तिळमात्र दुमत ठेवू नकोस.

आणखी एक. 2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. आपला संघ हरल्याचे दुःख मला झाले, आणि एका मराठी बाईच्या शिकवणुकीचे ते फळ पाहून ऊर भरूनही आला. तिकडे गेल्यावर त्या कामापुरती फारसी शिकल्या, सरावात त्यांनी योग आणि प्राणायाम आणला. परक्या देशातल्या मुलींच्या मनापर्यंत जाण्यासाठी त्यांनी आधी त्यांची भाषा आपलीशी केली, हे मला फार मोलाचे वाटते. तुझ्या संघातल्या निम्म्या मुली पाड्यावरून येतात असे तू लिहिलेस. त्या आपसात जे बोलतात ते तुला किती समजते?

डाव्या कोपऱ्याच्या ज्या मुलीविषयी तू दोन पाने लिहिली आहेस तिला या आठवड्यात संघातून वगळू नकोस. सरावात मैदानात तिघीच शिल्लक आहेत असे समजून खेळव, अव्वल पकडीचा प्रयत्न तिच्याकडून करवून घे, आणि दहापैकी आठदा चढाईपटू निसटली तरी केवळ पुढे झेपावल्याबद्दल तिचे नाव वहीत लिही. दिवाळीत येशील तेव्हा ती वही बरोबर आण; दोन्ही रकाने मला पाहायचे आहेत.

तुझ्या आईस नमस्कार सांग.

तुझा
मामा