घरच्या संगणकास शाळेतून जोडताना प्रवेश का नाकारला जातो?

नेमणूक पेठ वा सुरगाणा तालुक्यात आणि बिऱ्हाड मात्र नाशिक किंवा दिंडोरी येथे, अशी आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ शिक्षकांची स्थिती आहे. निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, यू-डायसची माहिती ही रात्री घरच्या संगणकावर तयार होते, आणि केंद्रप्रमुखांकडून मागणी येते ती शाळेत असताना. अशा वेळी शाळेतील लॅपटॉपवरून घरचा संगणक उघडण्याची सोय फार उपयोगी पडते. परंतु ऐनवेळी पडद्यावर ‘प्रवेश नाकारला’ अशा अर्थाची सूचना येते, आणि शिक्षक तोच पासवर्ड चिडून पुन्हा पुन्हा टाकू लागतात. वजाबाकी चुकली तर मुलाने आकडा उतरवताना चूक केली की हातचा विसरला, हे आपण प्रथम पाहतो. येथेही तसेच करावयाचे आहे.

प्रथम हे पाहावे की, घरचा संगणक भेटलाच नाही, की भेटून त्याने नकार दिला. संगणक सापडत नाही असे उत्तर आले तर घरी वीज गेली असेल, संगणक निद्रावस्थेत गेला असेल अथवा इंटरनेट बंद असेल. ही चौकशी घरी दूरध्वनी करून होते. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत तर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत येण्याची सोयच नाही. ती ‘प्रो’ आवृत्तीत आहे. मात्र नाव व पासवर्ड पाहून मग नकार आला असेल, तर वाट बहुधा मोकळी आहे आणि दोष कुलूपकिल्लीत आहे, असे समजावे.

सर्वांत अधिक घोटाळा पिनमुळे होतो. घरी आपण चार आकडी पिन टाकून संगणक उघडतो आणि तोच आपला पासवर्ड, असा समज होऊन बसतो. वस्तुतः पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. रिमोट डेस्कटॉपला खात्याचा मूळ पासवर्ड लागतो. कित्येकांनी तो वर्षानुवर्षे वापरलेलाच नसतो. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल व घरच्या संगणकावर त्या खात्याचा पासवर्ड टाकून कधीच प्रवेश केला नसेल, तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. घरी असताना एकवार पिनऐवजी पासवर्डने आत जावे म्हणजे ही अडचण बहुधा दूर होते. आणि ज्यांनी पासवर्ड मुळीच ठेवलेला नाही, त्यांना बाहेरून प्रवेश मिळत नाही. रिकाम्या पासवर्डचे खाते विंडोज दूरच्या जोडणीस सहसा वापरू देत नाही.

दुसरे कारण आपल्या मराठी लेखनाशी निगडित आहे. शाळेच्या लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट कळफलक चालू राहिला असेल, तर ‘के’ची कळ दाबल्यावर ‘क’ आणि ‘एच’ची दाबल्यावर ‘प’ उमटतो. पासवर्डच्या रकान्यात ठिपक्यांखेरीज काही दिसत नसल्याने ही चूक ध्यानात येत नाही. नावाच्या रकान्यात दोन अक्षरे टंकून पाहावी, लिपी कळते. मग ती पुसावी. कॅप्स लॉकही त्याच वेळी पाहून घ्यावे.

नावाचीही एक गंमत आहे. नुसते नाव लिहिले तर ते शाळेच्याच लॅपटॉपवरील खाते समजले जाण्याचा संभव असतो. सबब घरच्या संगणकाचे नाव, त्यापुढे उलटी तिरपी रेघ व मग खात्याचे नाव, असे पूर्ण लिहावे. हे कसे लिहावयाचे ते घरच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हू-ॲम-आय’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, दिली असता जसेच्या तसे दिसते. ते वहीत उतरवून ठेवावे. पासवर्ड मात्र उतरवू नये.

पासवर्ड अलीकडे बदलला असेल, तर लॅपटॉपने जपून ठेवलेला जुना पासवर्डच पुढे जात राहतो. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती जुनी नोंद काढून टाकावी. लॅपटॉप सर्वांच्या वापरातील असल्यास तेथे पासवर्ड जतन करूच नये. तसेच खाते प्रशासकाचे नसेल तर त्यास दूरप्रवेशाची परवानगी घरच्या संगणकावर वेगळी द्यावी लागते.

एवढे पाहूनही नकार आला तर हात आवरावा. नव्याने बसविलेल्या विंडोज ११ मध्ये दहा वेळा चुकल्यास खाते दहा मिनिटे बंद राहते, आणि त्या अवधीत बरोबर पासवर्डही चालत नाही. कधी कधी प्रवेश मिळून लगेच तुटतो. तेव्हा घरी कोणी त्याच खात्यावर बसले आहे काय, हे विचारावे. आपण आत शिरताच घरचा पडदा कुलूपबंद होतो, मुलगा पुन्हा पिन टाकतो आणि आपण बाहेर पडतो!

काही जण उतावीळपणे राउटरवर ३३८९ क्रमांकाचे द्वार सर्व जगास उघडे करतात. तसे करू नये. अशा उघड्या द्वारांवर पासवर्डचे अंदाज लावणारी यंत्रे अहोरात्र धडका देत असतात, आणि आपल्या संगणकावर तर मुलांच्या जन्मतारखा, आधार व बँकखात्यांचे क्रमांक असतात. होम आवृत्ती असणाऱ्यांनी क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरावे. त्याचा पिन निदान सहा आकडी व विंडोजच्या पिनहून निराळा असतो. प्रथम तो व मग विंडोजचे कुलूप, असा क्रम असल्याने कोणत्या ठिकाणी नकार आला हे पाहावे. अडचण सोडवून देतो असे सांगत अनोळखी माणसाने दूरध्वनीवरून एनीडेस्कसारखे साधन बसविण्यास सांगितले, तर ते बसवू नये. याच साधनाद्वारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते.

ही सर्व तपासणी रविवारी घरी असतानाच करून घ्यावी. लॅपटॉप घरच्या इंटरनेटऐवजी मोबाइलच्या इंटरनेटवर लावून दुसऱ्या खोलीतून प्रवेश करून पाहावा, म्हणजे सोमवारी शाळेत काय होणार ते त्याच दिवशी कळेल.